दोन पेपर शेजारी ठेवून

(सामुदायिक रेडिओवरील 'घरातलं, गावातलं' या बोलण्याचा मजकूर. रामटेक.)

कोणाची भांडी घासून झाली असतील, कोणाचे हात अजून कणकेत असतील. असू द्या. कान इकडे असले म्हणजे झालं.

मागच्या वेळी आपण बचत गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज वर्तमानपत्राबद्दल बोलायचं आहे. काही जणी म्हणतील, बाई, पेपर आमच्या हाती येतो तोच रद्दी होऊन, डब्याखाली अंथरायला. मी म्हणते, तोच पेपर चालेल. उलट जुना असला तर आजच्या कामाला जास्त बरा.

मागच्या विधानसभेच्या वेळची गोष्ट. आमच्या वाड्यातल्या मावशी ओसरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. बाजूला किराणावाल्याकडून आणलेली रद्दी. एका उमेदवाराबद्दल बोलणं निघालं. मी म्हटलं, मावशी, एवढं काही त्यांनी केलेलं मला तर दिसलं नाही. तशा त्या उसळल्या. "काऊन वं? तीन-तीन पेपरात आलं हाये. तिघंच्या तिघं खोटं बोलतीन का?"

मैत्रिणींनो, मावशींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपण रोज असंच ठरवतो. नळावर भांडण झालं आणि तीन बायकांनी आपापल्या दारातून पाहिलं, तिघींनी एकच सांगितलं, तर ते खरं धरावं. पण एकीनंच पाहिलं असेल, आणि तिनंच बाकीच्या दोघींच्या कानात सांगितलं असेल, तर साक्षीदार तीन होत नाहीत. साक्षीदार एकच. आणि त्या एकीला भांडणातल्या एका बाजूनं साडी नेसवली असेल तर?

आता मी तुम्हाला आपल्याच राज्यातली एक घडलेली गोष्ट सांगते. २००९ची विधानसभा निवडणूक. नांदेड जिल्ह्यातला भोकर मतदारसंघ. तिथे उमेदवार होते अशोक चव्हाण, तेव्हाचे मुख्यमंत्री. निवडणूक झाली, ते निवडून आले. नंतर पी. साईनाथ या पत्रकारांनी 'द हिंदू' या इंग्रजी दैनिकात लिहिलं, की निवडणुकीच्या दिवसांत मराठीतल्या मोठ्या दैनिकांत चव्हाणांच्या स्तुतीची पानंच्या पानं छापून आली होती. त्यातला एक लेख तर तीन वेगवेगळ्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दन् शब्द तोच होता. तीन पेपर, तीन संपादक, तीन छापखाने, आणि वाक्यं तीच. तुम्ही-आम्ही एकाच बाईकडून पुरणपोळी शिकलो तरी दोघींची पोळी सारखी होत नाही. आणि इथे अख्खा लेख सारखा.

या बाजूला हे, आणि त्या बाजूला हिशोब. प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशोब निवडणूक आयोगाला द्यावा लागतो, आणि खर्चाला मर्यादा असते. त्या वेळी विधानसभेला ती १० लाख रुपये होती. आता विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख आहे. चव्हाणांच्या हिशोबात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये.

यावर प्रकरण पुष्कळ चाललं. हरलेले उमेदवार माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. पैसे दिले-घेतले नाहीत, तो मजकूर आम्ही आपणहून छापला, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दिलेला हिशोब खरा की खोटा हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे. जुलैमध्ये आयोगानं हिशोब रीतसर दिलेला नाही असं म्हणून चव्हाणांना नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं त्यांच्यावर ठपका राहिला नाही, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. एकाच बाजूचं सांगितलं तर त्या पेपरांत आणि माझ्यात फरक काय?

पण एक हिशोब करा. निवडणूक २००९ची, निकाल २०१४चा. पाच वर्षांची आमदारकी तेवढ्यात संपत आली होती. ज्या मतदार बाईनं तो लेख वाचून मत दिलं असेल, तिला या सगळ्याचा काय उपयोग झाला? न्यायालयं त्यांच्या गतीनं जातात. मतदानाच्या आधीच्या पंधरा दिवसांत ओळखायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

आता घरची गोष्ट. ही सांगावी की नाही, यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली.

माझे दीर, आम्ही भाऊजी म्हणतो, एका दैनिकाचे तालुका वार्ताहर होते. नाव सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी ते काम केलं. खांद्याला झोळी, जुनी मोटरसायकल, ऊन असो की पाऊस. लोकांना वाटायचं, पेपरवाले म्हणजे काय मोठा पगार असेल. पगार नव्हताच. महिन्याला मानधन मिळायचं, ते पेट्रोलमध्ये जायचं. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. पंधरा ऑगस्ट, दिवाळी, पेपरचा वर्धापन दिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस. प्रत्येक वेळी टार्गेट यायचं. इतक्याची जाहिरात आणा. ज्या सरपंचाच्या रस्त्याच्या कामाबद्दल सोमवारी बातमी लिहायची, त्याच्याच दारात मंगळवारी शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं. भाऊजी मला म्हणायचे, "वहिनी, एका हातात पेन अन् दुसऱ्या हातात पावती पुस्तक. पेन किती दिवस टिकंल?"

आणि निवडणूक आली की 'पॅकेज' यायचं. हा शब्द भाऊजींनी काढलेला नाही, तो धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अमुक रकमेत रोज एक बातमी, तीन फोटो, एक मुलाखत, शेवटच्या दिवशी अर्धं पान. त्यावर कुठेही 'जाहिरात' असा शब्द नाही. जो पॅकेज घेणार नाही, त्याची सभा झाली तरी चार ओळी. काही वेळा त्याही नाहीत. अशा एका निवडणुकीत भाऊजींना कमिशन मिळालं आणि आमच्या घरी फ्रीज आला. पहिला फ्रीज. मी त्याला हळद-कुंकू लावलं होतं. पैसा कुठून आला हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. विचारलं नाही, एवढंच. उन्हाळा होता, सासूबाईंना थंड पाणी मिळत होतं, आणि मला पेपरमधलं काही कळत नाही असं मी स्वतःशी धरून चालले होते.

त्या निवडणुकीत उभी असलेली एक बाई आमच्याच ओळखीची होती. अपक्ष. गावोगाव पायी फिरली. दारू दुकानाच्या विरोधात जी सभा झाली होती, ती तिनंच उभी केली होती. तिचं नाव पेपरात एकदाच आलं, उमेदवारांच्या यादीत. ती बाई भाऊजींकडे आली होती. तिनं चहा घेतला, कागद दिला आणि म्हणाली, "भाऊ, एवढं छापा." भाऊजींनी कागद पाठवला, वरून छापला गेला नाही. ती हरली. ती जिंकलीच असती असं मी म्हणत नाही. पण ती उभी आहे, हे निम्म्या तालुक्याला कळलंच नाही. हे मला आजही टोचतं.

आता कोणी म्हणेल, छोट्या वार्ताहराला कशाला दोष द्यायचा? नाहीच द्यायचा. भारतीय प्रेस कौन्सिलनं २००९च्या निवडणुकांनंतर दोन सदस्यांची एक समिती नेमली होती, परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी. त्यांनी ठिकठिकाणी फिरून, लोकांच्या साक्षी घेऊन अहवाल तयार केला. पैसे घेऊन बातम्या विकणं हे एकट्या-दुकट्या वार्ताहराचं लाचखाऊपण राहिलेलं नाही, ते वरच्या कचेरीतून ठरवून चालतं, असं त्यात आलं. मोठ्या पेपरांची नावंही होती. मग काय झालं? प्रेस कौन्सिलनं २०१०मध्ये अख्खा अहवाल बाहेर काढला नाही, आटोपशीर केलेला काढला. पूर्ण अहवाल अधिकृतपणे बाहेर आला तो २०११मध्ये, एका नागरिकानं माहितीच्या अधिकारात मागितला आणि केंद्रीय माहिती आयोगानं आदेश दिला तेव्हा. एक अर्ज, दहा रुपयांचा. आपल्या गटातल्या बायकांनी रेशनच्या यादीसाठी केला होता ना, तसाच.

आता मालकांकडे येऊ. पेपर कोणाचा, हे आपण कधी पाहतो का? शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते. मालक कोण, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापला कुठे. चष्मा लावून ती ओळ एकदा वाचा. वर्षानुवर्षं मार्चच्या सुरुवातीच्या अंकात मालकीचं निवेदनही यायचं, एक टक्क्याहून जास्त भाग असलेल्या भागधारकांच्या नावांसकट. आम्ही त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

आपल्या मराठीत पेपर आणि राजकारण यांचं नातं नवं नाही, आणि ते सगळंच लपूनछपून आहे असंही नाही. 'सामना' ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्र, ते उघड सांगतात. नागपूरचा 'तरुण भारत' संघविचाराचा, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. 'लोकमत' दर्डा कुटुंबाचा. जवाहरलाल दर्डा स्वातंत्र्यसैनिक आणि काँग्रेसचे मंत्री, पुढे एक मुलगा खासदार, एक मंत्री. 'सकाळ' नानासाहेब परुळेकरांनी १९३२मध्ये काढला, १९८०च्या दशकात तो पवार कुटुंबाकडे आला. यांत चांगले पत्रकार नाहीत असं मी म्हणत नाही. याच पेपरांनी आपल्या भागातल्या कितीतरी बातम्या लावून धरल्या आहेत. ठाऊक असलं की वाचणारी बाई मनात तेवढं वजन काढून घेते. चहात साखर किती हे कळलं तर दुसऱ्यांदा घालत नाही, तसं.

अडचण वेगळी आहे. पेपर त्यांचाच, चॅनेल त्यांचंच, मोबाइलवरच्या बातम्याही त्यांच्याच, आणि त्यांचेच सिमेंटचे, विजेचे, जमिनीचे धंदे. २०१४मध्ये रिलायन्सनं नेटवर्क १८ हा समूह ताब्यात घेतला. 'लोकमत'च्या भागीदारीतलं मराठी वृत्तचॅनेल त्याच समूहात आहे. २०२२च्या शेवटी एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेलं आणि १ मे २०२४ला त्यांचं मराठी चॅनेल सुरू झालं. एकाच मालकाकडे किती माध्यमं असावीत याला आपल्याकडे धड कायदा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं ऑगस्ट २०१४मध्ये शिफारशी केल्या होत्या, की राजकीय पक्षांनी माध्यमांत मालकी ठेवू नये, आणि एकाच बाजारात एकाच घराची सत्ता होऊ नये. त्या शिफारशी कागदावरच आहेत. मग आमच्या मावशी म्हणतात तसं तीन ठिकाणी दिसतं, आणि तिन्ही ठिकाणं एकाच घराच्या तीन खिडक्या असतात.

पेपरात जागा न मिळणं हे काय असतं, हे आपल्या नागपूर जिल्ह्याला शिकवायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' सुरू केलं. त्याची नुसती जाहिरात छापायला 'केसरी'नं पैसे देऊनही नकार दिला होता. तेव्हा बाबासाहेबांनी स्वतःचा पेपर चालवला. त्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तानुबाई बिर्जे या बाईंनी पती वारल्यावर 'दीनबंधू'चं संपादन हाती घेतलं. सत्यशोधकांचा पेपर, आणि संपादक बाई. शाळेच्या पुस्तकात मला त्या कधी भेटल्या नाहीत, म्हणून इथे मुद्दाम नाव घेतलं.

आता ज्या रेडिओवरून मी बोलते आहे, त्याचीही थोडी गंमत सांगते. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकारची एकट्याची नाही आणि कोणा कंपनीचीही नाही. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, पुढे तेच प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आणि भांडण कशावरून होतं? क्रिकेटचे सामने टीव्हीवर कोणी दाखवायचे यावरून! क्रिकेटच्या भांडणातून आपल्याला रेडिओ मिळाला म्हणा ना. २००६पासून संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळू लागली. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशातल्या बायकांचा रेडिओ २००८ला सुरू झाला.

पण आपल्या रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, तेवढंच. ज्या घराकडे पेपर, चॅनेल, वेबसाइट सगळं आहे ते दिवसभर बातम्या देऊ शकतं, आणि दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येणारा आपला रेडिओ स्वतःची एक बातमी देऊ शकत नाही. मला हा नियम पटत नाही. तो आहे तोवर पाळायचा. म्हणून मी आज कोणाला मत द्या, कोणाला नको, असं काही बोलणार नाही. वाचायचं कसं, एवढंच.

आपल्या रामटेकचीच गोष्ट घेऊ. २०२४ची लोकसभा. आपला मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव. काँग्रेसच्या उमेदवार होत्या रश्मी बर्वे, नागपूर जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष. २८ मार्चला, अर्जांच्या छाननीच्याच दिवशी, पडताळणी समितीनं त्यांचं जात वैधता प्रमाणपत्र रद्द केलं आणि त्यांचा अर्ज बाद झाला. त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज होता, ते उमेदवार झाले. १९ एप्रिलला मतदान झालं, ते निवडून आले. मार्चमधली ती बातमी आठवते? चॅनेलवर दिवसभर तेच. बसस्टँडवर, दवाखान्यात, धुणं धुताना तेच. सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं समितीचा तो निर्णय रद्द केला. मी आमच्या गटातल्या अठरा जणींना विचारलं. सप्टेंबरची बातमी चौघींना ठाऊक होती. मलाही ती उशिरा कळली. इथे कोणी पॅकेज घेतलं असं मी अजिबात म्हणत नाही. पण एका बाईचं नाव ज्या जोरात गावभर झालं, त्या जोरात निकाल आला नाही. पक्ष कोणताही असो, उद्या सरपंचपदाला तुम्ही उभ्या राहाल तेव्हा ही गोष्ट तुमच्याही बाबतीत होऊ शकते.

तर आमच्या गटानं काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. एका निवडणुकीत आम्ही सहा जणींनी ठरवलं, प्रत्येकीनं एक पेपर धरायचा. विकत घ्यायचा नाही. कोणी किराणा दुकानातून आणला, कोणी वाचनालयात जाऊन वाचला, कोणाच्या घरी येतच होता. रात्री सगळे पेपर एका ओसरीवर मांडायचे, शेजारी शेजारी. ज्यांना अक्षरं लागत नाहीत त्यांनी फोटो जुळवायचे. आणि खरं सांगते, फोटो जुळवणाऱ्या बायकाच जास्त हुशार निघाल्या. तिसऱ्या दिवशी एकीनं बोट ठेवलं. दोन पेपरांत तोच फोटो, तेच हार, तीच मागे उभी माणसं. वाचून पाहिलं तर मथळा तोच, मजकूर तोच. एकीकडे 'प्रतिनिधी' लिहिलेलं, दुसरीकडे 'वार्ताहर'.

खुणा काही अवघड नाहीत, निवडणूक आयोगानंच त्या उदाहरणं म्हणून सांगितलेल्या आहेत. एकाच सुमाराला दोन स्पर्धक पेपरांत तोच मजकूर, तोच फोटो, लिहिणाऱ्याचं नाव वेगळं. 'सर्व थरांतून वाढता पाठिंबा, विजय निश्चित' अशी बातमी, आणि ती लिहिली कोणी याचा पत्ता नाही. आणि मला सर्वांत गमतीची वाटते ती अशी, एकाच पानावर दोन उमेदवारांची स्तुती आणि दोघंही निवडून येणार. आम्हाला ती सापडली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मावशी म्हणाल्या, "एकच खुर्ची अन् दोघं बसतीन? मांडीवर बसते का काय?"

कात्रण काढायचं, त्यावर पेपरचं नाव, तारीख, पान लिहायचं. कापताना तारीख निघून जाते, पहिल्या दिवशी आमची गेली. म्हणून आता अख्खं पान ठेवतो. मोबाइलवर दिसलं तर तारखेसकट फोटो काढून ठेवायचा. ही कागदं कुठे द्यायची? लोकसभा आणि विधानसभेच्या वेळी प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असते, माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती. नाव तोंडात मावत नाही, एमसीएमसी म्हटलं तरी कळतं. ही बातमी पैसे देऊन आणलेली वाटते असं समितीला वाटलं, तर निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला नोटीस देतात, ती छापून आल्यापासून ९६ तासांच्या आत. उमेदवारानं ४८ तासांत उत्तर द्यायचं. उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर त्या जागेची किंमत सरकारी दरानं काढून त्याच्या खर्चात धरतात. तास मोजायचे असतात, म्हणून आपण आठवडाभर कात्रण पदराला बांधून ठेवून चालत नाही.

आमचं काय झालं? आम्ही गेलो एका कार्यालयात. तिथल्या साहेबांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही कोणत्या पक्षाच्या?" आम्ही म्हटलं, बचत गटाच्या. ते हसले. कागद ठेवून जा म्हणाले, पोच देईनात. आम्ही दोघी बाकावर बसलो. दुपारचं जेवण गेलं. चार वाजता एका शिपाईदादांनी आत जाऊन शिक्का मारून आणला. पुढे त्या तक्रारीचं उत्तर आलं नाही. नंतर कळलं, की आम्ही छापून आल्यापासून सहाव्या दिवशी गेलो होतो. चूक आमचीही होती. शिक्का मारलेली ती प्रत मी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहे.

पण कारवाई कधी होतच नाही असंही नाही. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११मध्ये आयोगानं तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, पेपरात बातमीसारख्या छापलेल्या मजकुराचा खर्च त्यांनी हिशोबात दाखवला नव्हता म्हणून.

आणखी दोन छोट्या गोष्टी. दारात येणाऱ्या पत्रकावर, भिंतीवरच्या पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे. नसेल तर तो कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्या दारात असं बिननावाचं पत्रक पडलं, विशेषतः कोणाच्या जातीबद्दल किंवा कोणा बाईच्या चारित्र्याबद्दल, तर फाडून चुलीत घालू नका, जपून ठेवा. आणि ज्या उमेदवारावर गुन्ह्यांचे खटले आहेत त्याला ते पेपरात आणि टीव्हीवर तीन वेळा स्वतः जाहीर करावे लागतात, २०१८पासून. ती जाहिरात शोधायची. आम्हाला एकदा ती सोन्याच्या भावाच्या शेजारी सापडली.

आपलं नाव मतदार यादीत आहे का, हे मी दरवेळी विचारते आणि दरवेळी तुम्ही हसता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ला, जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको. आपल्या घरातल्या आज्या त्या काळातल्या. म्हणून विचारते.

भाऊजींना मी हे बोलणं आधी वाचून दाखवलं. फ्रीजचं आलं तेव्हा ते गप्प झाले. मला वाटलं, आता काढ म्हणतील. थोड्या वेळानं आत गेले आणि जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन आले. कोणत्या तारखेला कोणाकडून किती पॅकेज आलं, सगळं त्यांच्या अक्षरात. म्हणाले, "वहिनी, बाकी सांगा. पॅकेजमधली बातमी कशी ओळखायची हे मला विचाराल तर मी येतो ना ओसरीवर. मीच लिहिल्या हायेत त्या."

तर येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्या ओसरीवर भाऊजी बसणार आहेत. घरात असतील तेवढे जुने पेपर घेऊन या, निवडणुकीच्या दिवसांतले असले तर फारच छान. डब्याखालचे काढून आणले तरी चालतील, तेलाचे डाग असले तरी चालतील, फक्त तारीख दिसली पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तर नक्की या, फोटो जुळवायला माणसं कमी पडतात. चष्मा विसरू नका. चहा आम्ही ठेवू.